केमिकल कचऱ्याच्या शेजारी राहायला आलात? मग पहिल्या वर्षात एवढं कराच

नवी मुंबईजवळ तळोज्याला आम्ही राहायला आलो ते स्वस्त फ्लॅट बघून, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही कारण इथं येणारी बहुतेक माणसं त्याच कारणानं येतात. फ्लॅट बघायला आलो तेव्हा रविवारची दुपार होती, गच्चीवर मस्त वारा, समोर डोंगर, ब्रोकर म्हणाला बघा ताई, मुंबईत मिळेल का अशी हवा. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारला जाग आली ती घशात काहीतरी जळल्यासारखं झालं म्हणून. तेव्हापासून गेली काही वर्षं मी शिकत आलेय, शेजारच्यांना विचारून, डॉक्टरांना विचारून, लॅबमध्ये खेपा घालून. आता आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुणी आलं की मला विचारतात की ताई इथं पोरांना घेऊन राहायचं तर काय काळजी घ्यायची, आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी, मुंबईचं देवनार, पुण्याचं फुरसुंगी, कुठंही असाल तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. वास येतो म्हणजे धोका आणि वास नाही म्हणजे सगळं ठीक, असं अजिबात नसतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांना पाण्यात वास नसतो, चव पण नसते. आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा जो हायड्रोजन सल्फाईड आहे तो जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि गॅस तिथंच असतो. म्हणून नाकावर विसंबू नका. एक साधी दोनशे पानी वही आणा आणि तिच्यात लिहायला लागा, त्या वहीचं पुढं वारंवार काम पडणार आहे.

आधी कळून घ्या की शेजारी नेमकं काय आहे

लोक सगळ्यालाच डम्पिंग म्हणतात पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचा त्रास वेगळा.

पहिली म्हणजे कारखान्यांच्या धोकादायक कचऱ्याची अधिकृत साइट. महाराष्ट्रात अशा सामायिक साइट तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तिथं मोठा खड्डा करून खाली मातीचा आणि जाड प्लास्टिकचा थर टाकतात, त्यावर कचरा, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी गोळा करायला पाइप, भरला की वरून झाकण. काही कचरा भट्टीत जाळतात. नीट चाललं तर हे बरंच सुरक्षित असतं, पण थर फाटला, पावसात पाणी ओसंडलं किंवा भट्टी पुरेशी तापली नाही तर त्रास बाहेर येतो.

दुसरी म्हणजे शहराचं डम्पिंग ग्राउंड. देवनारचं १९२७ पासून चालू आहे. तिथं घरचा कचरा जातो असं म्हणायचं, पण त्यात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधं, रंगाचे डबे, सगळं एकत्र असतं. ते सडून आत मिथेन तयार होतो आणि मग आग लागते ती विझता विझत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला अशी आग लागली की धूर कित्येक दिवस राहिला आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती कुठल्याच नकाशावर नसते. रात्री टँकर येतो आणि नाल्यात केमिकल सोडून जातो, किंवा भंगारच्या गोडाऊनमागे ड्रम रिकामे करतात. २०१४ मध्ये उल्हासनगरच्या वडोलगावाजवळ वालधुनी नदीत असंच केमिकल सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. आमच्या इथल्या कासाडी नदीची गोष्ट तर जगभर गेली, ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली होती, रंगाच्या पाण्यात जाऊन आलेली. कुत्र्याच्या अंगावर रंग दिसला म्हणून बातमी झाली, जे रंगीत नसतं त्याची होत नाही.

हे सगळं शोधायचं कसं? नेटवर नकाशा बघा, पण त्याआधी गावात जा. बिल्डिंगा कालच्या आहेत, आगरी-कोळी गावं कितीतरी जुनी आहेत. एखाद्या आजोबांना विचारा, बाबा, इथली कुठली विहीर वापरायची बंद झाली आणि कधी. कुठल्या नाल्यात मासे मिळायचे बंद झाले. मला जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते एका आजींनी ओट्यावर बसून दहा मिनिटांत सांगितलं. आणि कृपा करून त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्या घरातली पोरं त्याच कंपन्यांत कामाला आहेत आणि त्रास पण त्यांनीच सगळ्यात जास्त काढलाय. कंपनीच्या गेटवर पण वाचायला शिका, धोकादायक केमिकल वापरणाऱ्या कारखान्यानं काय वापरतो आणि किती घातक कचरा निघतो याचा बोर्ड गेटबाहेर लावायचा असा सुप्रीम कोर्टाचा २००३ चा आदेश आहे. बोर्ड कोरा किंवा गंजलेला असेल तर फोटो काढून ठेवा.

मग वारा आणि उतार बघा

अंतर किती आहे हे सगळे विचारतात. १९९८ मध्ये युरोपातल्या ५ देशांतल्या २१ धोकादायक कचऱ्याच्या साइटचा अभ्यास आला होता, त्यात ३ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचं प्रमाण लांबच्यांपेक्षा साधारण ३३ टक्क्यांनी जास्त दिसलं. साइटमुळंच झालं असं तो अभ्यास ठामपणे म्हणत नाही, आणि व्यंग असलेली बाळं मुळात कमीच असतात त्यामुळं वाढ झाली तरी बहुतेक बाळं नीटच जन्मतात, हेही लक्षात ठेवा. पण सावध राहण्याचा आकडा म्हणून मी ३ किलोमीटर धरते.

अंतराइतकंच महत्त्वाचं म्हणजे वारा कुठून येतो. मुंबई-नवी मुंबईत दुपारी समुद्राकडून वारा असतो आणि सगळं धुऊन नेतो, रात्री तो पडतो किंवा उलटा फिरतो, आणि थंडीत तर थंड हवा जमिनीलगत झाकणासारखी बसते, धूर वर जातच नाही. म्हणून फ्लॅट बघायला दुपारी जाऊ नका, गेलात तरी परत एकदा रात्री अकराला आणि एकदा पहाटे पाचला जा. थंडीत एक आणि पावसाळ्यात एक चक्कर मारता आली तर सोन्याहून पिवळं.

पाण्यासाठी उतार बघायचा. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर पडा आणि साइटच्या बाजूनं वाहणारं पाणी कुठं जातंय ते डोळ्यांनी बघा. ते तुमच्या बोअरच्या बाजूला येत असेल तर पुढचा भाग दोनदा वाचा.

पाणी: इथं कंजुषी करायची नाही

हवेचा त्रास लगेच कळतो म्हणून सगळे हवेबद्दल बोलतात, पण मला विचाराल तर पहिले पैसे पाण्यावर खर्च करा. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी, टँकर आणि बोअर जास्त. टँकरवाला पाणी कुठून आणतो विचारलं तर म्हणाला, ताई पाणी चांगलं आहे. हे उत्तर नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लेखी मागा की टँकर कुठल्या ठिकाणी भरला जातो.

टेस्ट करायला गेलात की लॅबवाले साधी पिण्याच्या पाण्याची टेस्ट करून देतात, त्यात क्षार, कडकपणा आणि जंतू एवढंच येतं आणि रिपोर्टवर सगळं ओके लिहिलेलं बघून माणूस खूश होतो. आमचं पण तसंच झालं. हेवी मेटलची टेस्ट वेगळी सांगावी लागते, तोंडानं सांगा, कागदावर लिहून द्या: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, पारा, निकेल. एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेलीच लॅब घ्या. धातूंच्या टेस्टसाठी लॅबकडूनच बाटली मागून घ्या, त्यात आधीच ॲसिडचे थेंब टाकलेले असतात, घरची बिसलेरीची बाटली चालत नाही. खर्च एकट्याला जड जातो, चार घरांनी किंवा सोसायटीनं वाटून घ्या.

रिपोर्ट आला की भारतीय मानकाशी ताडून बघा. लिटरमागे शिसं ०.०१ मिलीग्रॅम, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, क्रोमियम ०.०५, पारा ०.००१, एवढ्याच्या वर नको. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर तान्ह्या बाळाच्या दुधाला ते पाणी अजिबात वापरू नका. वर्षातनं दोनदा टेस्ट करा, एकदा मे महिन्यात पाणी खोल गेलेलं असतं तेव्हा आणि एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस सगळं झिरपवून गेल्यावर. दोन्हींचे आकडे सारखे येत नाहीत आणि त्या फरकावरूनच बरंच कळतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाहीत, उलट वाफ निघून गेल्यावर राहिलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतात. तुरटीनं, कापडानं, माठानं पण धातू जात नाहीत. चांगला आरओ धातू बराच कमी करतो, केमिकलच्या वासासाठी त्यात कार्बन फिल्टर लागतो, आणि दोन्हीचे फिल्टर वेळेवर बदलले तरच. आरओच्या पाण्याची पण वर्षातनं एकदा टेस्ट करा. आणि स्वयंपाकाला पण तेच पाणी वापरा, बऱ्याच घरात पिण्याला आरओ आणि भाताला, डाळीला बोअर असं चालतं.

निळे ड्रम! रस्त्यावर स्वस्तात मिळतात, धुतलेले असतात, पाणी भरायला मोठे म्हणून आपण घेतो. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं आणि प्लास्टिक ते शोषून घेतं. चारशे रुपये जास्त जाऊ देत, नवीन टाकी घ्या. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी तो झाडांना सुद्धा वापरू नका.

कंपनी बंद पडली म्हणजे पाणी सुधारलं असं पण समजू नका. भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ च्या गॅसगळतीच्या रात्रीनंतर बंदच आहे, पण आवारातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला हलवला, तोपर्यंत तो तिथंच होता. आणि आवारात गाडलेल्या कचऱ्यामुळं आसपासच्या वस्त्यांचं भूजल खराब झालं ते वेगळंच, तिथल्या लोकांना बाहेरून पाइपनं पाणी द्यावं लागलं.

घरात रोज काय करायचं

खिडक्या दुपारी उघड्या, रात्री आणि पहाटे बंद. आपल्याला सवय उलटी असते, सकाळची ताजी हवा म्हणून पहाटे खिडक्या उघडायच्या, ती इथं मोडावी लागते. मॉर्निंग वॉक पण दहानंतर किंवा संध्याकाळी पाचला.

फोनवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, बघा पण त्याच्यावर सगळं सोपवू नका, तो धूळ आणि ठरावीक गॅस मोजतो, बेंझिन किंवा हायड्रोजन सल्फाईड त्यात येत नाही, म्हणून आकडा हिरवा आणि डोळे लाल असं होऊ शकतं. एन-९५ मास्क धुळीला आणि धुराच्या कणांना चांगला, गॅसला नाही.

केर झाडूनं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा, कारण शिसं हवेपेक्षा धुळीतून जास्त पोटात जातं आणि रांगणारं पोर तर जमीन चाटतंच. चपला दाराबाहेर. घरातलं कुणी केमिकल कंपनीत, भंगारात किंवा बॅटरीच्या कामात असेल तर त्यांचे कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि आल्यावर पोराला उचलण्याआधी आंघोळ. बाबा लोकांना हे जड जातं कारण पोर दारातच गळ्यात पडतं, पण कराच.

खाण्याचं म्हणाल तर लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शरीर शिसं कमी शोषतं, म्हणून पोरांना नाचणी, दूध, डाळी, पालेभाज्या, आणि उपाशी पोटी खेळायला सोडू नका. पण पालेभाजी नाल्याकाठची नको. रेल्वेलगत, नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली भाजी हिरवीगार दिसते, विकणाऱ्याला कुठली आहे विचारा आणि पटलं नाही तर सोडून द्या.

अंगावर काय दिसतं आणि डॉक्टरांना काय सांगायचं

लगेचचा त्रास म्हणजे डोळे चुरचुरणं, घसा, डोकेदुखी, मळमळ, अंगाला खाज, आणि दमा असेल तर तो उसळणं. हळूहळूचा त्रास वेगळाच असतो. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, शिकण्यात आणि लक्ष लागण्यात फरक पडतो, आणि बाहेरून मूल ठणठणीत दिसतं. कॅडमियम किडनीवर, पारा मज्जासंस्थेवर, बेंझिन रक्तावर, त्यातून ब्लड कॅन्सरचा धोका. हे सगळं वर्षानुवर्षांच्या संपर्कातून होतं, आठ दिवस वास आला म्हणून कॅन्सर होत नाही, एवढी भीती डोक्यात घेऊन राहू नका.

प्रत्येक खोकला पण साइटचा नसतो. कोंदट खोली, ओल, मच्छर कॉइल, घरातली सिगारेट, टीबी, काहीही असू शकतं. मग कळणार कसं? इथं वही कामाला येते. माझ्या मुलीला सतत खोकला होता, जवळच्या डॉक्टरांनी तीनदा सिरप दिलं, दर वेळी व्हायरल आहे म्हणाले. मी वहीत रोज लिहीत होते, तारीख, वास किती वाजता, वारा होता की पडलेला, खोकला कधी, शाळा बुडली का. दिवाळीत गावी साताऱ्याला गेलो, चौथ्या दिवशी खोकला बंद, परत आल्यावर दुसऱ्या रात्री सुरू. ती दोन पानं दुसऱ्या डॉक्टरांसमोर ठेवली, त्यांनी पाच मिनिटं वाचली आणि फुफ्फुसाची फुंकायची टेस्ट लिहून दिली, दमा निघाला, पंप सुरू झाला आणि पोर झोपायला लागलं. सहा महिने वाया गेले होते याचं मला आजही वाईट वाटतं. गावी बरं आणि इथं वाईट, हा फरक डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

शेजारी साइट आहे, पाणी कुठलं पितो, घरात कोण कुठं कामाला आहे, या तीन गोष्टी पण पहिल्याच भेटीत सांगा. सहा वर्षांखालच्या मुलाची रक्तातल्या शिशाची टेस्ट करायची का ते विचारा. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि त्यावर आलं तर शिसं येतंय कुठून ते शोधून थांबवा म्हणते, आणि सुरक्षित असं प्रमाण मुळात नाहीच. पण इंटरनेटवरचे डिटॉक्सचे काढे आणि पावडरी घेऊ नका, काही भस्मांत तर स्वतःच शिसं आणि पारा असतो. शरीरातलं शिसं काढायचं औषध हॉस्पिटलात डॉक्टर ठरवतात.

घरात कुणी गरोदर असेल तर पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. शक्य असेल तर त्या काळात माहेरी जावं, नसेल तर निदान पाणी बाहेरचं आणि तपासलेलं घ्या आणि सोनोग्राफी वेळेवर करा.

रात्री गॅस सुटला तर

हे आधी घरात बोलून ठेवा, तेव्हा सुचत नाही. ढग किंवा वास लांब असेल आणि निघायला वेळ असेल तर वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, वाऱ्याला आडवं जा. भोपाळला कितीतरी माणसं गॅस ज्या बाजूला जात होता त्याच बाजूला पळाली. वास घरापर्यंत आला असेल तर आतच थांबा, खिडक्या, एक्झॉस्ट, एसी बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल, आणि क्लोरीनसारखे बरेच गॅस हवेपेक्षा जड असतात म्हणून तळमजल्यावरच्यांना वर बोलावून घ्या. आगकाडी ओढू नका. डोळे चुरचुरले तर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. १०१ आणि १०८ लावा, फोनवर वासाचं वर्णन आणि वारा कुणीकडे आहे ते सांगा. दम्याचा पंप, पाणी, टॉर्च एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

तक्रार कशी करायची म्हणजे ती टिकते

"फार वास येतो" अशी तक्रार कुठंच टिकत नाही. तारीख, वेळ, जागा, वारा, किती घरांना त्रास, फोटो किंवा व्हिडिओ, टँकर असेल तर नंबर, एवढं लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागाच्या ऑफिसात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. टँकरच्या जवळ जाऊ नका, एकटं तर मुळीच नको, आणि सांडलेल्या केमिकलला हात लावू नका. काही झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यात त्या साइटला मंडळानं दिलेल्या संमतीपत्राची कॉपी, शेवटच्या पाहणीचा रिपोर्ट आणि आसपासच्या बोअरच्या पाण्याचे आकडे मागा. त्याच्या पुढं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पुण्याला खंडपीठ आहे, तिथं कारण घडल्यापासून साधारण ६ महिन्यांत जावं लागतं आणि नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं मिळतात. इथं परत वही लागते, कारण तारीख सिद्ध करायला दुसरं काही नसतं.

वहीचे फोटो महिन्याला एकदा काढून ठेवा, पाण्याचे आणि रक्ताचे रिपोर्ट त्याच फाइलमध्ये लावा, आणि घर सोडून जाल तेव्हा वही सोबत न्या पण पाण्याच्या रिपोर्टांची झेरॉक्स काढून पुढच्या भाडेकरूच्या हातात द्या, ब्रोकरच्या नको.